सगळेच ‘पूर्ण सहमत’ : एका बंदरावरच्या शाश्वततेच्या पेपरचं प्रकरण

कोकणात गेल्या काही वर्षांत शाश्वतता या विषयावर सर्व्हे करायला येणाऱ्यांची नुसती रीघ लागलीय. कोणी कांदळवनावर, कोणी होमस्टेवर, कोणी हापूसवर, आणि मासेमारीवर तर विचारूच नका. येतात, फॉर्म भरून घेतात, जेट्टीवर फोटो काढतात आणि जातात, आणि वर्षा-दीड वर्षाने त्याचा संशोधन-पेपर होतो जो इथे कोणी वाचत नाही. ह्या प्रकरणात तो वाचायची वेळ आली, कारण तो पेपर पुढे करून आमच्या मच्छिमार सोसायटीचा एक प्रस्ताव बाजूला ठेवला गेला.

बंदराचं, कॉलेजचं, जर्नलचं नाव देत नाहीये. देवगड आणि मालवणच्या मधलं एक बंदर, एवढं पुरे. पेपर लिहिणारा माणूस काही लबाड नव्हता, उलट बराच सरळ होता, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहिण्यासारखं वाटलं, चोरी किंवा खोटा डेटा असता तर दोन ओळीत विषय संपला असता. मी इथल्या ज्युनियर कॉलेजला कॉमर्स शिकवतो आणि सोसायटीचे हिशेब बघायला मदत करतो, त्यामुळे ह्यात ओढला गेलो.

प्रस्ताव काय होता ते आधी

ट्रॉलरचं जाळं ओढताना ताण आला की त्याच्या शंकरपाळ्यासारख्या तिरक्या आसा, म्हणजे जाळ्याची भोकं, मिटतात, म्हणजे कागदावर आस कितीही मोठी असली तरी पाण्यात ती बंदच, आणि मग बारकं पिल्लू पण आत अडकतं. शेवटच्या पिशवीला, जिला कॉड-एंड म्हणतात, चौकोनी आस लावली तर ती ताणातही उघडी राहते आणि पिल्लं निसटतात. सिंधुदुर्गात यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालू होता तेव्हा ४० मिमी चौकोनी आसाची जाळी ट्रॉलरवाल्यांना देऊन बघितली होती, त्यामुळे इथे कोणाला हा प्रकार नवीन नाही. अडचण माहिती नसण्याची नव्हतीच. अडचण अशी की चौकोनी आसातून पिल्लांबरोबर बारकी कोळंबी पण जाते, म्हाकुळ (स्क्विड) पण थोडं जातं, आणि मुख्य म्हणजे कुट्टी जाते. कुट्टी म्हणजे जो बारीकसारीक माल फिशमीलच्या कारखान्याला जातो तो. बाहेरच्या माणसाला वाटतं कचरा, पण बर्फाचा आणि रेशनचा खर्च बऱ्याचदा त्याच पैशातून सुटतो.

म्हणून सोसायटीने एका कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीकडे, मागणी केली होती की पिशव्यांचा खर्च द्या, आणि पहिल्या हंगामात जो तोटा होईल त्यातला काही वाटा उचला. साधी मागणी, हिशेब जोडलेला. त्यावर कंपनीच्या सल्लागाराकडून उत्तर आलं की ह्या भागात झालेल्या अभ्यासानुसार मच्छिमारांची शाश्वत मासेमारीबद्दलची तयारी खूप चांगली आहे, कमी आहे ती प्रशिक्षणाची, तेव्हा आम्ही कार्यशाळा घेऊ. पुढे कार्यशाळा झाली, टोप्या मिळाल्या, बॅनर अजून सोसायटीच्या गोडाऊनवर ताडपत्री म्हणून बांधलेला आहे. पिशव्या नाही मिळाल्या.

तेव्हा सेक्रेटरी म्हणाले की सर, हा अभ्यास कोणता तो एकदा काढा बघू.

पेपर

घाटावरच्या एका कॉलेजच्या मॅनेजमेंट विभागातला होता. साधारण दोनशे फॉर्म, प्रत्येकात विधानं आणि समोर ‘पूर्ण असहमत’ पासून ‘पूर्ण सहमत’ पर्यंत पाच खाने, ज्याला लिकर्ट स्केल म्हणतात, १९३२ पासून चालत आलेली पद्धत आहे आणि तिच्यात स्वतःहून काही वाईट नाही. सुरुवातीला १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या, मग संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकासाचं १४ वं उद्दिष्ट, जे समुद्राबद्दल आहे, मग तक्ते, मग बाणांची एक मोठी आकृती, आणि निष्कर्ष असा की जागरूकता उच्च, दृष्टिकोन सकारात्मक, मोठी आस स्वीकारायची इच्छा लक्षणीय. इथपर्यंत ठीक होतं. पण सारांशात शेवटचं वाक्य असं होतं की सबब या किनाऱ्यावरील मासेमारी शाश्वततेच्या दिशेने वाटचाल करत आहे.

सल्लागाराने पीपीटीत नेमकं तेच वाक्य उचललं होतं. आणि आमचं म्हणणं होतं की पेपरात दुसरं काही खोटं नसेल, पण हे वाक्य त्या दोनशे फॉर्मांतून निघूच शकत नाही. ते कसं, हे दाखवायला मग फॉर्म कसे भरले गेले तिथपासून जावं लागलं.

फॉर्म कधी भरले

जूनमध्ये. एमबीएच्या पोरांची इंटर्नशिप जूनमध्ये असते आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर काढलेल्या असतात, लोक निवांत भेटतात, तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटतं यापेक्षा चांगली वेळ नाही. पण जूनमध्ये बंदरावर असतं कोण? खलाशी नसतात. इथल्या ट्रॉलरवरचे निम्म्याहून जास्त खलाशी नेपाळचे नाहीतर कर्नाटकातले, ते मे अखेरीला हिशेब घेऊन गावी गेलेले असतात आणि ऑगस्टमध्ये येतात. म्हणजे जाळं प्रत्यक्षात जे लोक पाण्यात टाकतात आणि ओढतात, पिशवीची गाठ सोडतात, ते सगळे सर्व्हेतून आपोआप गळाले. राहिले बोटमालक, वय झाल्यामुळे समुद्रावर जायचं सोडलेले तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, आणि बोटमालकांची कॉलेजला जाणारी पोरं, ज्यांनी वडिलांच्या नावाने फॉर्म भरले कारण वडील म्हणाले तूच लिही.

बायकांचा एकही फॉर्म नव्हता. लिलावात पाटी घेणारी, दारोदार विकणारी, सुकवणारी बाई ही पेपरच्या हिशेबात मच्छिमारच नव्हती. मासळीचा आकार वर्षागणिक कसा बदलला हे तिच्याइतकं कोणाला माहीत असतं का? आमच्याकडच्या एका काकींना नंतर मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “माझ्या टोपलीत काय येता ता बघलास तर तुमका फॉरम भरूची गरजच नाय.”

सॅम्पलचा आकडा मात्र पेपरात अगदी शास्त्रशुद्ध होता. क्रेजी आणि मॉर्गन यांचं १९७० चं एक टेबल आहे, एमबीएच्या प्रत्येक प्रोजेक्टात असतं, लोकसंख्या चारशे असेल तर सॅम्पल १९६ घ्या असं ते सांगतं. सोसायटीचे सभासद चारशेच्या आसपास, म्हणून १९६ हून चार फॉर्म जास्त, झालं. पण ते टेबल धरून चालतं की चारशेपैकी प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी होती. इथे जो जेट्टीवर बसलेला सापडला तो निवडला गेला. आणि सभासद यादी म्हणजे मच्छिमारांची यादी नव्हे हे सहकारी सोसायटी जवळून बघितलेल्या कोणालाही सांगायला नको, त्यात मेलेले आहेत, मुंबईला गेलेले आहेत, आणि मतदानापुरते घेतलेले पण आहेत.

अजून एक गोष्ट जी पेपरात कुठेच दिसणार नाही. पोरं आली तेव्हा त्यांच्याबरोबर ओळख करून द्यायला गावातला एक कार्यकर्ता होता जो एरवी डिझेल परताव्याच्या कागदांसाठी फिरतो. बस्स. सगळ्या बंदरावर झालं की सरकारचा सर्व्हे आहे, परतावा अडलेला आहे, नीट उत्तरं द्या. आता ‘लहान मासे पकडू नयेत असे मला वाटते’ ह्या विधानाला अशा वेळी कोण असहमत म्हणेल?

विधानं कशी होती

फॉर्मची एक कोरी प्रत सोसायटीच्या कपाटात सापडली. त्यातलं एक विधान जसंच्या तसं आठवतंय कारण त्यावर मीटिंगमध्ये बराच वेळ हसले लोक: शाश्वत मासेमारीमुळे समुद्र वाचतो व मच्छिमाराचे उत्पन्न वाढते. आता समुद्र वाचतो हे मान्य पण उत्पन्न पहिली दोन वर्षं घटतं असं ज्याचं मत आहे त्याने खूण कुठे करायची? त्याला खानाच नाही. आणि खरं सांगायचं तर बंदरावरचं सगळ्यात प्रामाणिक मत तेच होतं.

बाकीची विधानं पण त्याच सुराची. मोठ्या आसाचे जाळे वापरण्यास मी तयार आहे. पुढील पिढीसाठी मासे राखले पाहिजेत. शासनाच्या नियमांचे पालन केले पाहिजे. एकही विधान उलट बाजूचं नाही, किंमत कुठे नाही, कधीपासून कुठे नाही, कोण पैसे देणार कुठे नाही. पर्ससीनचं, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचं, नाव नाही, एलईडीचे दिवे लावून मासे ओढण्याचं नाव नाही, कर्नाटकातून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरचं नाव नाही. अरे ह्या किनाऱ्यावर ह्याच तीन गोष्टींवरून मारामाऱ्या झाल्यात, बोटी अडवल्यात, मोर्चे निघालेत. पर्ससीनवर नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ साली राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला, एलईडीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, १९८१ चा मासेमारी कायदा २०२१ मध्ये सुधारून दंड वाढवले. नियम पाळले पाहिजेत ह्याला रापणकरही (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा पारंपरिक मच्छिमार) पूर्ण सहमत आणि पर्ससीनवालाही पूर्ण सहमत, फक्त दोघांच्या डोक्यात नियम वेगळा आणि तो मोडणारा माणूसही वेगळा. त्या दोघांच्या खुणा एकाच खान्यात पडल्या आणि त्याची सरासरी निघाली.

आमच्या एका जुन्या तांडेलांनी, आबा म्हणतात त्यांना सगळे, हे फार नेमकं सांगितलं. पेपर लिहिणारे सर नंतर आले होते तेव्हा त्यांच्या तोंडावर म्हणाले, “तुमी इचारलास, जाळा मोठ्या आसाचा व्हया काय, आमी सांगलंव व्हया. बदलूचे पैसे कोण देतलो, ता खय इचारलास?”

पेपरात विश्वासार्हतेचा पुरावा म्हणून क्रोनबॅकचा अल्फा दिला होता, ०.९ च्या वर. हा आकडा बघितला की जर्नलचे परीक्षक शांत होतात असा माझा अंदाज आहे. पण अल्फा एवढंच सांगतो की वेगवेगळ्या विधानांना दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळतात. एकाच अर्थाची विधानं शब्द फिरवून दहादा विचारली, आणि एकाने सगळीकडे पाच, दुसऱ्याने सगळीकडे चार, तिसऱ्याने कंटाळून सगळीकडे तीन खुणा केल्या, तर अल्फा झक्कास येतो. तो माणूस खरं बोलतोय का, किंवा जे बोलतोय ते करतोय का, ह्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मतं आणि वागणं यात अंतर असतं हे तर ह्या विषयातल्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं, आणि पेपरच्या संदर्भातही असे लेख होते. फक्त शेवटच्या वाक्यापर्यंत ते पोचलं नाही.

मत, मासळी आणि साठा

आता खरी उडी. मच्छिमार शाश्वततेला अनुकूल आहेत म्हणून मासेमारी शाश्वत होतेय, हे एक झालं. पण समजा त्या सरांनी मतं सोडून मासळीचे आकडे घेतले असते, तरी प्रश्न सुटला असता असं नाही, आणि इथे मला आमच्याच लोकांशी पण वाद घालावा लागला. कारण सोसायटीत लगेच सूर निघाला की बघा, मासळी घटलीय, म्हणजे समुद्र संपला, लिहा तसं.

२०१९ चं उदाहरण घ्या. सीएमएफआरआयच्या, म्हणजे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षी महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनावर आली, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी, आदल्या वर्षी २.९५ लाख होती. एका वर्षात एक तृतीयांश मासे मेले का? त्या वर्षी ऐन हंगामात ऑक्टोबरमध्ये क्यार चक्रीवादळ आलं, लगोलग महा आलं, बोटी किती दिवस देवगडच्या खाडीत अडकून पडल्या होत्या हे सगळ्यांनी बघितलंय. समुद्रावर गेलोच नाही तर मासळी येणार कुठून. तेव्हा नुसती पकड बघून साठ्याबद्दल बोलता येत नाही, किती मेहनत करून किती मिळालं हे बघावं लागतं.

ही चूक काही छोट्या जर्नलांचीच मक्तेदारी नाही. २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये बोरिस वॉर्म आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, त्यातलं २०४८ साल जगभर गाजलं, म्हणजे हाच कल राहिला तर तोपर्यंत पकडल्या जाणाऱ्या सगळ्या जाती कोसळलेल्या असतील असं. कोसळणं म्हणजे काय, तर नोंदलेल्या सर्वोच्च पकडीच्या १० टक्क्यांच्या खाली जाणं. पकडीचेच आकडे परत. रे हिलबॉर्न सारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी ह्यावर सडकून टीका केली की पकड कमी व्हायला नियम, बाजारभाव, दुसऱ्या माशाकडे वळणं अशी पन्नास कारणं असतात. पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते दोघे एकत्र बसले, साठ्याचा खरा अंदाज असलेला डेटा जमवला आणि २००९ मध्ये त्याच जर्नलमध्ये एकत्र पेपर काढला. नीट अभ्यासलेल्या १० परिसंस्थांपैकी ५ ठिकाणी मासेमारीचा दाब कमी झालेला निघाला, आणि तरीही तपासलेल्या साठ्यांपैकी ६३ टक्के अजून सावरायची गरज असलेले. हे वाक्य घोषणेसारखं फडकवता येत नाही, पण ह्यावर काम करता येतं.

२०४८ आजही भाषणात येतं. २००९ चा पेपर कोणाच्या भाषणात ऐकलाय?

सोसायटीची वही

तर मग आमच्याकडे काय होतं? डिझेलची वही होती. हा प्रकार बाहेरच्यांना माहीत नसतो म्हणून सांगतो. मच्छिमार बोटींना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो आणि तो सोसायटीमार्फत जातो, त्यामुळे कोणत्या बोटीने कोणत्या दिवशी किती लिटर भरलं ह्याची नोंद असते, ऑडिट होतं, चूक झाली तर परतावा अडतो, म्हणून नोंद कडक असते. मेहनत मोजायला याहून चांगलं साधन कोणत्याही फॉर्मात मिळणार नाही. दुसरीकडे लिलावाच्या चिठ्ठ्या, कोणत्या बोटीचे किती टप (मासळी भरायचे टब), कोणता माल, काय भाव.

आम्ही, म्हणजे मी, सेक्रेटरी, आणि मत्स्य कॉलेजमधून रिटायर झालेले इथलेच एक सर, मागच्या पाच हंगामांच्या ट्रॉलरच्या नोंदी एकत्र लावल्या. एका टपामागे लागणारं डिझेल वाढत गेलेलं दिसलं, चढउतार होता पण दिशा तीच. सेक्रेटरी खूष, म्हणाले मिळालं की. रिटायर सर म्हणाले थांबा. मधल्या काळात किती बोटींनी मोठं इंजिन बसवलं? बऱ्याच जणांनी. मोठं इंजिन तेवढ्याच अंतराला जास्त पितं. शिवाय काही बोटी खोल पाण्यात म्हाकुळ, राणीमासा यांच्या मागे जायला लागल्यात, अंतरच वाढलं. आणि चांगला भाव असेल त्या दिवशी माल मालवणला नाहीतर थेट रत्नागिरीला उतरतो, त्याची चिठ्ठी आमच्याकडे नाहीच, म्हणजे डिझेल आमच्या वहीत आणि मासळी दुसऱ्याच्या. इंजिन न बदललेल्या बोटी वेगळ्या काढल्यावर वाढ बरीच कमी झाली, पण राहिली.

म्हणजे ह्यातून साठा घटतोय असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. तेवढाच माल आणायला इथल्या ट्रॉलरला जास्त खर्च करावा लागतोय, एवढं म्हणता येत होतं. तेवढ्याने पेपरचं शेवटचं वाक्य पडत होतं, आणि सोसायटीच्या प्रस्तावाला लागणारी गोष्ट पण हीच होती, कारण ज्याचा खर्च वाढतोय तो कुट्टीचं उत्पन्न स्वतःहून सोडणार नाही.

राहिला पिल्लांचा प्रश्न. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याखालचा मासा पकडायचा नाही. मग आमच्या बारावीच्या चार पोरांना रिटायर सरांनी मोजायला शिकवलं. एक लाकडी फळी, तिच्यावर स्केल ठोकलेली, एका टोकाला आडवी पट्टी. बांगड्याचं तोंड पट्टीला टेकवायचं, शेपटी सरळ करायची, आकडा ओरडायचा, दुसऱ्याने लिहायचा. पहिल्या दिवशी पोरं लिलावाच्या जागी बसली आणि बांगडे चांगले मोठे मोठे निघाले. सर हसले, म्हणाले अरे हा निवडलेला माल, बारका तर बोटीवरच कुट्टीत टाकला. म्हणून मग पोरांना जेट्टीवर बसवलं, टप उतरताना, निवड व्हायच्या आधी, आणि कोणता टप घ्यायचा ते चिठ्ठी काढून, कारण नाहीतर खलाशी मुद्दाम चांगला टप पुढे सरकवतात, पाहुण्यासमोर घरचं ताट सजवतात तसं नाही, ते घाबरतात दंडाला म्हणून. आकडे गोळा होतायत, दोन हंगाम तरी लागतील असं सरांचं म्हणणं आहे आणि मधेच कोणी आकडा मागितला तर ते देत नाहीत. चिडतात लोक त्यांच्यावर.

ते सर आले

पेपर लिहिणाऱ्या सरांना ईमेल केला तेव्हा उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत ते स्वखर्चाने इथे आले. असिस्टंट प्रोफेसर, तिशीतले. आबांचं वरचं वाक्य ऐकून घेतलं, वही बघितली, आणि बराच वेळ वही बघतच राहिले. म्हणाले ही मला कोणी दाखवलीच नाही. सेक्रेटरी म्हणाले, “सर, तुम्ही मागितली कुठे? तुमची पोरं ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून फॉर्म भरून घेत होती, कपाट त्यांच्या पाठीला लागून होतं.”

त्यांची बाजू पण सांगायला पाहिजे. २०१० पासून युजीसीच्या गुणांकन पद्धतीत पेपरची संख्या बढतीला जोडली गेली, पीएचडीला २०२२ च्या नियमांपर्यंत प्रबंध देण्याआधी पेपर छापणं सक्तीचं होतं, आणि कॉलेजला रँकिंगसाठी आकडे हवे असतात. शाश्वतता म्हटलं की स्पेशल इश्यू निघतात, परिषदा निघतात, पटकन छापून येतं. एक हंगाम बंदरावर काढायला त्यांना रजा कोण देणार? दोनशे फॉर्म पोरांकडून आठवड्यात भरून होतात. ते म्हणाले मला माहीत होतं की शेवटचं वाक्य जड आहे, पण परीक्षकाने लिहिलं होतं की धोरणात्मक महत्त्व अधिक ठळक करा. म्हणून ठळक केलं.

हे ऐकल्यावर माझा जर्नलांबद्दलचा सूर जरा बदलला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं आणि बोलावंच, युजीसीने चालतील अशा जर्नलांची केअर यादी काढली आणि २०२५ मध्ये बंदही केली, हिंदावी या प्रकाशकाचे आठ हजारावर पेपर २०२३ मध्ये मागे घेतले गेले, सगळं खरंय. पण ह्या पेपरला परीक्षण झालं होतं, दोन परीक्षक होते, आणि दोघांनीही आकडेमोडीवर प्रश्न विचारले होते. जून का, खलाशी कुठे, कुट्टीचं काय, हे विचारायला बंदर माहीत असलेला माणूस लागतो. शाश्वततेच्या पेपरात थोडं जीवशास्त्र, थोडं अर्थशास्त्र, थोडं समाजशास्त्र असतं, परीक्षकाला त्यातलं एक येतं आणि बाकीचं तो सभ्यपणे सोडून देतो. १४ व्या उद्दिष्टाचा दाखला होता पण त्यातलं १४.ब, छोट्या पारंपरिक मच्छिमारांना सागरी संपत्ती आणि बाजार मिळण्याबद्दलचं, ते कोणालाच आठवलं नाही. १४.४ मध्ये अतिमासेमारी संपवायची मुदत २०२० होती आणि ती टळून गेलीय, हेही नाही.

पुढे काय झालं

सरांनी जर्नलला दुरुस्तीपत्र पाठवलं. शेवटचं वाक्य काढून टाका, आणि सॅम्पल बंदीच्या काळातलं आहे व खलाशी आणि विक्रेत्या स्त्रिया त्यात नाहीत अशी मर्यादा घाला, एवढंच. जर्नलने कळवलं की निष्कर्षात बदल असल्यामुळे हे नवीन सबमिशन धरावं लागेल, फी सकट. ते अजून तसंच पडलंय आणि जुना पेपर जसाच्या तसा ऑनलाइन आहे. सल्लागाराला आम्ही वहीचा उतारा आणि सरांचं पत्र दोन्ही पाठवलं, त्यांनी पुढच्या आर्थिक वर्षात बघू म्हटलंय, पिशव्या काही बोटींना तरी द्यायची भाषा आहे, तोट्याच्या वाट्याबद्दल अजून अवाक्षर नाही.

सरांनी जानेवारीत परत यायचं कबूल केलं होतं आणि आले. यावेळी फॉर्म नव्हता. बोटीवर गेले, पहिल्या रात्री उलट्या करून अर्धमेले झाले, दुसऱ्या दिवशी खलाशांशी हिंदीत बोलत बसले. एका नेपाळी पोराने त्यांना सांगितलं की मागे एका बोटीवर चौकोनी आसाची पिशवी होती, पण मालक जेट्टीवर आहे तोवरच, बाहेर गेलं की तिच्यावर जुनी पिशवी चढवायची. कारण त्यांचा वाटा मालावर. हे दोनशे फॉर्मांत कुठून येणार होतं? आणि हे छापलं तर त्या पोराचं काय, हा पण प्रश्न आहे, त्यावर सर आणि सेक्रेटरी यांचं अजून एकमत नाही. सेक्रेटरींचं म्हणणं बोट ओळखू येईल असं काही लिहायचं नाही. सरांचं म्हणणं मग वाटा कसा ठरतो तेच लिहितो, पिशवीचं लिहितच नाही.

सोसायटीने मधल्या जनरल मीटिंगमध्ये ठराव केला की यापुढे ज्याला सर्व्हे करायचाय त्याने आधी कमिटीला भेटायचं, आणि निष्कर्ष छापायच्या आधी बंदरावर मराठीत वाचून दाखवायचा. आक्षेप घेतला तर तो पेपरात लिहायचा, मान्य करा अथवा नका करू. वही दाखवायची, पण बोटींची नावं झाकून. हा ठराव झाल्यापासून दोघेजण येऊन गेले, त्यातला एक अटी ऐकून परत आलाच नाही, दुसरी मुलगी पीएचडीची आहे, कांदळवनाच्या कार्बनवर करतेय, तिने बरेच उलट प्रश्न विचारले आणि ती फळीवर बांगडे मोजायला पण बसली. आता खजिनदारांचा आग्रह आहे की वहीच्या झेरॉक्सचे पैसे संशोधकाकडून घ्यावेत, पानाला पाच रुपये. त्यावर पुढच्या मीटिंगमध्ये चर्चा आहे.